गाडीच्या एसीचा कुबट वास: इव्हॅपोरेटर न उतरवता कसा धुवायचा

एसी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर ओल्या मोज्यांसारखा कुबट किंवा आंबूस वास येत असेल आणि मग तो कमी होत असेल, तर तो बहुधा इव्हॅपोरेटरवरूनच येतो. व्हेंटला परफ्यूम अडकवून तो जात नाही, कारण वास तयार करणारी घाण डॅशबोर्डच्या आत तशीच राहते.

इव्हॅपोरेटर म्हणजे हवा थंड करणारा, ॲल्युमिनियमच्या अगदी पातळ पात्यांचा, जाडजूड पुस्तकाएवढा ठोकळा. एसी चालू असताना त्याचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या थोडाच वर असतो, त्यामुळे हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन जमते, खालच्या ट्रेमध्ये ठिबकते आणि ड्रेन पाइपमधून गाडीखाली पडते. गाडी बंद केली की पात्यांमधलं उरलेलं पाणी तिथेच राहतं. अंधार, ओल आणि थोड्याच वेळात ऊब. हवेबरोबर आलेली धूळ आणि परागकण पात्यांना चिकटलेले असतातच, त्यांवर बुरशी आणि जीवाणू वाढतात आणि एक बुळबुळीत थर बसतो. धुवून काढायचा आहे तो हा थर.

हा थर नळीने फवारायच्या क्लीनिंग फोमने धुता येतो, पण त्याचा डबा विकत आणण्याआधी वास नीट ओळखून घ्या. गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, तेव्हा हीटरच्या कोअरमधून (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून) इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, गळत असतो, तिथे फोम काही करू शकत नाही. सडका, दिवसेंदिवस वाढत जाणारा वास म्हणजे ब्लोअरमध्ये (हवा ढकलणाऱ्या पंख्यात) किंवा फिल्टरच्या खाचेत उंदीर मेलेला असू शकतो. पेट्रोलचा, जळक्या वायरचा किंवा धुराचा वास असेल तर गाडी चालवू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

कामाची सुरुवात ड्रेन पाइपपासून करा. फोम फवारून मोकळं होणारे बरेच जण इथेच चुकतात. ड्रेन तुंबलेला असेल तर फवारलेला सगळा फोम आणि त्याने सोडवलेली घाण ट्रेमध्ये साचते, काही वेळा उलटून कार्पेटखाली जाते आणि वास आधीपेक्षा वाढतो. तपासणी सोपी आहे: दमट दिवशी गाडी सपाट जागेवर उभी करून एसी १५ मिनिटं चालवा. गाडीखाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या आसपास, पाण्याचे थेंब पडून छोटं थारोळं व्हायला हवं. पाणी पडत नाही आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतंय, तर पाइप तुंबलाच आहे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका, स्टँड लावा. पाइपच्या तोंडातून गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत वर सरकवा. टोकदार तार नको, तिने रबर फाटतं. कंप्रेसरची जोरदार हवाही मारू नका. पाइप आतल्या बाजूने निखळतो आणि मग पाणी थेट केबिनमध्ये येतं.

आता फोम निवडायचा. डब्यावर गाडीच्या इव्हॅपोरेटरसाठी आणि ॲल्युमिनियमला चालणारा असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि सोबत साधारण ५०–६० सेंमीची बारीक नळी हवी. मध्यम आकाराच्या गाडीला ३०० ते ५०० मिलीचा एक डबा पुरतो. ब्लीच अजिबात वापरू नका: ते ॲल्युमिनियम खातं आणि त्याची वाफ नंतर तुमच्याच नाकात जाते. व्हिनेगर आम्ल आहे, तेही नको. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी मिळणारे कडक क्षारयुक्त क्लीनरही या पातळ पात्यांसाठी नाहीत. स्पिरिट फवारायची कल्पना तर धोकादायक आहे, कारण ब्लोअर चालू होताच ठिणगी पडून वाफ पेट घेऊ शकते.

इग्निशन बंद करा, ग्लोव्ह बॉक्स काढा आणि आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बाहेर घ्या. फिल्टरवरचा बाण कुठल्या दिशेला होता त्याचा फोटो काढून ठेवा. आजूबाजूला पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या वेष्टनातली वायर दिसली तर तिला हात लावू नका, ती एअरबॅगची असते.

नळी कुठून घालायची, यावर सगळं काम अवलंबून आहे. काही गाड्यांत फिल्टर ब्लोअर आणि इव्हॅपोरेटर यांच्या मधोमध असतो. तो काढल्यावर टॉर्चच्या उजेडात पात्या समोरच दिसल्या, तर तोच रस्ता वापरा. पुष्कळ गाड्यांत मात्र फिल्टर ब्लोअरच्या आधी येतो, आणि तिथून फवारलं तर फोम मोटरवर पडतो. अशा वेळी ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग, शोधा. थंड राहावा म्हणून तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, बहुतेक वेळा ब्लोअरच्या पुढे आणि इव्हॅपोरेटरच्या अलीकडे. एक कनेक्टर आणि सहसा दोन स्क्रू काढले की तो बाहेर येतो. गाडी नुकतीच बंद केली असेल तर १० मिनिटं थांबा, तो चांगलाच तापलेला असतो. त्या भोकातून पाहिलं की करड्या धुळीची साय चढलेल्या पात्या दिसतील. सुटी धूळ, पानं, पिसं हाताने किंवा मऊ ब्रशने काढून घ्या. ब्रश पात्यांच्या दिशेनेच, वरून खाली फिरवा. आडवा फिरवलात तर पात्या वाकतात आणि तिथून हवा जाणं बंद होतं. हातमोजे घाला, कडा ब्लेडसारख्या कापतात. पात्यांमध्ये खोचलेली बारीक वायर तापमानाचा सेन्सर आहे, ती ओढू नका.

गाडीखाली ड्रेनच्या तोंडाशी एक घमेलं आणि केबिनमध्ये भोकाखाली जाड फडकं ठेवा. डबा नीट हलवून घ्या. नळी पात्यांना टेकेपर्यंत आत घाला, मग एक-दोन सेंमी मागे घ्या. दोन-तीन सेकंदांचे छोटे फवारे मारत नळी वर-खाली, डावी-उजवी फिरवा, म्हणजे कोपरेही सुटणार नाहीत. अर्धा डबा संपला की पाच मिनिटं थांबा, मग उरलेला मारा. सगळा एकदम मारला तर फोम फुगून व्हेंटमधून किंवा ब्लोअरकडे बाहेर पडतो. त्यानंतर १५ ते २० मिनिटं काहीही करू नका. फोम विरघळून पातळ होतो आणि घाण घेऊन खाली उतरतो. घमेल्यात आधी चहाच्या रंगाचं किंवा काळपट पाणी येईल, त्यात चिकट तंतूही दिसतील. फार काळं आलं तर दुसऱ्या दिवशी आणखी एक डबा मारणं योग्य. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तरच, आणि ड्रेन वाहतोय याची खात्री करूनच, हाताच्या पंपाने अर्धा ते एक लिटर स्वच्छ पाणी फवारा. प्रेशर वॉशर इथे चालत नाही.

ब्लोअरचा पंखाही एकदा पाहा. तो सहसा तीन स्क्रूंवर खालून उतरतो. पात्यांवर धुळीचा थर असेल तर कोरड्या ब्रशने साफ करा. पंख्याला लावलेली धातूची छोटी क्लिप काढू नका, ती तोल साधण्यासाठी असते. ती निघाली की ब्लोअर थरथरू लागतो.

रेझिस्टर बसवा, पण फिल्टर अजून नको. गाडी मोकळ्या जागेत, कधीही बंद गॅरेजमध्ये नाही, चालू करा. एसी बंद, तापमान पूर्ण गरम, बाहेरची हवा घेणारी सेटिंग, ब्लोअर जोरात आणि खिडक्या उघड्या, असं १५ मिनिटं चालवा. इव्हॅपोरेटर पूर्ण वाळल्याशिवाय काम संपलं असं धरू नका. सुरुवातीला व्हेंटमधून फोमचे थेंब उडतात, म्हणून व्हेंटवर फडकं धरा.

हवेच्या नळ्यांमध्येही वास मुरलेला असेल तर केबिनमध्ये ठेवून एकदाच सोडायचा जंतुनाशक डबा आता वापरा. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा, ब्लोअर चालू ठेवा, खिडक्या बंद करा, डबा पुढच्या सीटसमोर जमिनीवर ठेवून खटका दाबा आणि बाहेर या. १० मिनिटांनी सगळी दारं उघडून तेवढाच वेळ हवा खेळू द्या. नुसता हा डबा सोडून इव्हॅपोरेटरचा जाड थर निघत नाही, म्हणून तो फोमनंतरच. ओझोनच्या यंत्राचंही तसंच आहे: वास मारतं, थर तिथेच राहतो, आणि तो वायू फुप्फुसांना घातक असल्याने यंत्र चालू असताना गाडीत बसता येत नाही.

सगळ्यात शेवटी नवा फिल्टर, बाण हवेच्या दिशेला. जुना झटकून पुन्हा घालू नका, त्यातली बुरशी धुतलेल्या पात्यांवर पुन्हा जाऊन बसते.

दोन डबे मारूनही महिन्याभरात वास परतला, तर कार्पेटखालचा फोम ओला आहे का ते पाहा. तेही कोरडं असेल तर इव्हॅपोरेटर बाहेर काढून धुणं उरतं. त्यासाठी आधी एसीतला गॅस यंत्राने काढून घ्यावा लागतो, अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि जोडण्यांचे ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बदलावे लागतात. गॅसचा पाइप घरी उघडू नका, निसटणाऱ्या गॅसने त्वचा गोठते.

पुढे रोज एवढं करा: मुक्काम यायच्या तीन ते पाच मिनिटं आधी एसी बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या, म्हणजे पात्या वाळतात. फिल्टर वर्षातून एकदा किंवा १० ते १५ हजार किलोमीटरला बदला, आणि वायपरखालच्या जाळीत साचलेली पानं दर काही आठवड्यांनी काढा, कारण बाहेरची हवा तिथूनच आत येते.