दिव्यांग भत्ता आणि रुग्णालयातली रखडपट्टी: कोणाकडे, काय आणि कसं मागायचं

महाराष्ट्रात दिव्यांग भत्त्याचं (संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशांचं) काम अनेकदा तहसीलपर्यंत पोचायच्या आधी, रुग्णालयातच अडतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज करता येत नाही, आणि तज्ज्ञाचं पद रिकामं म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून भत्ता आणि रुग्णालयातली सोय या दोन्हींचा पाठपुरावा एकत्रच करावा लागतो.

प्रमाणपत्राचा अर्ज दिव्यांग ओळखपत्राच्या ‘स्वावलंबन’ (यूडीआयडी) या सरकारी पोर्टलवर करायचा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, उपचारांची कागदपत्रं जोडा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरा. एका अक्षराच्या फरकानेही पुढे बँकेत खोळंबा होतो. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे.

खरी अडचण तपासणीच्या दिवशी कळते. लहान मुलाच्या श्रवणदोषासाठी ‘बेरा’ चाचणी (यंत्राने केलेली ऐकण्याची तपासणी) लागते, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक चाचणी. यंत्र बंद किंवा माणूस नाही, की ‘पुढच्या बुधवारी या’ असं सांगितलं जातं. या तोंडी उत्तरावर घरी परतू नका. तिथेच जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा: आज आलो, अमुक कारणाने तपासणी झाली नाही, पुढची तारीख लेखी द्यावी किंवा ही सोय असलेल्या रुग्णालयाकडे लेखी पाठवावं. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढची प्रत्येक तक्रार या एका कागदावर उभी राहते.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. ‘पद का भरलं नाही?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी नोंदीतलं तेवढंच देतो, कारणमीमांसा करत नाही. असं मागा:

‘१) या रुग्णालयातील ऑडिओलॉजिस्टची (श्रवणतज्ज्ञाची) मंजूर, भरलेली व रिक्त पदे, आणि पद रिक्त झाल्याची तारीख. २) बेरा यंत्राच्या दुरुस्तीसाठी गेल्या बारा महिन्यांत झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. ३) पर्यायी रुग्णालयात पाठवण्याबाबतच्या आदेशाची प्रत.’

पत्ता नीट पाहा. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, महापालिकेची महापालिकेकडे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. रिक्त पदाची तारीख हातात आली की ‘गैरसोय होते’ ही मोघम तक्रार राहत नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ नुसार दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य देणं, आणि ग्रामीण भागात जवळपास मोफत आरोग्यसेवा (उत्पन्नाच्या अटीवर) पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे. रुग्णालयातल्या परिचारिकेशी किंवा लिपिकाशी वाद घालून काही साधत नाही. पदं मंजूर करणं आणि भरणं त्यांच्या हातात नसतं.

प्रमाणपत्र मिळालं की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, शिवाय राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये ठरले आहेत. दारिद्र्यरेषेखालचे आणि ८० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेले असतील, तर त्यातले ३०० रुपये केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतून येतात.

मंजुरीनंतरही पैसे येत नसतील तर आधी आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार क्रमांक कोणत्या खात्याला जोडलाय, ते तपासा. बँकेत केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. थेट हस्तांतरणाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे एखाद्या विसरलेल्या जुन्या खात्यात ती साठत असू शकते.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत मागच्या वर्षीचा या निधीचा हिशेब लेखी मागा आणि उत्तराची इतिवृत्तात नोंद करून घ्या.

निराधार योजनेचे पैसे दिव्यांग व्यक्तीच्या नावे येतात. तिला उचलणारी, भरवणारी, रात्री कूस बदलून देणारी आई त्या हिशेबात कुठेच नसते. दिव्यांग हक्क कायद्याने हे ओळखलेलं आहे: त्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत आणि सरकार त्यांच्याच आडोशाला जातं. केरळमध्ये मात्र ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून काळजी घेणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठरवलेले आहेत. कलम ३८ खाली ‘जास्त आधाराची गरज’ ठरवून घेण्यासाठी व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही अर्ज करू शकतं. असा अर्ज देऊन ठेवाच. अर्जच नसले तर गरज नाही असा अर्थ काढला जातो.

एवढ्यावरही हाललं नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे कलम ८० खाली तक्रार करा. शिक्क्याची प्रत, माहिती अधिकाराचं उत्तर, प्रमाणपत्र जोडा. मागणी नेमकी लिहा: ‘३० दिवसांत तपासणी व्हावी, किंवा प्रवासखर्चासह अन्य रुग्णालयात पाठवावे.’ आयुक्तांनी शिफारस केली तर कलम ८१ नुसार संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची असते, आणि शिफारस नाकारली तर त्याची कारणंही, अर्जदारालासुद्धा.