पंधरा लाखांत साठ लाखांची गाडी: खरा खर्च कसा काढायचा

मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, की अमुक जर्मन सेदान पंधरा लाखात मिळतेय, आठ वर्षं जुनी, फर्स्ट ओनर, घेऊ का. माझं उत्तर एकच असतं, घे, पण आधी कागद-पेन घेऊन बस. कारण गाडीची किंमत पडलेली असते, तिच्या पार्ट्सची नाही. गाडी १५ लाखाची झाली तरी तिचा हेडलाइट, गीअरबॉक्स, सस्पेन्शन अजून ६० लाखाच्याच गाडीचं आहे, आणि बिल त्याच हिशोबाने येतं. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय, ते पुढे सांगतो.

आधी नवी गाडी धरून हिशोब मांडू, म्हणजे घसारा (वापराने आणि वयाने गाडीची पडणारी किंमत) नेमका कुठे बसतो ते कळेल. आकडे मी सोयीसाठी गोल धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

एक्स-शोरूम ६० लाख, डिझेल. महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या डिझेल गाडीला स्वतःच्या नावावर १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ९ लाख तिथेच गेले (पेट्रोलला १३ टक्के, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २०). पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स, पासिंग, बाकीचं सटरफटर धरून ऑन-रोड ७२ लाख पकडा. आता बघा, यातले टॅक्स-इन्शुरन्सचे १२ लाख पहिल्याच दिवशी गायब, सेकंडहँडवाला ते मोजतच नाही. समजा २२ लाख भरले आणि ५० लाख लोन, ९ टक्के, ५ वर्षं. हप्ता येतो साधारण १ लाख ४ हजार, पाच वर्षांत व्याज सव्वाबारा लाख. पाच वर्षांनी गाडी गेली २७ लाखाला, म्हणजे ४५ लाखाचा खड्डा. पुढच्या चार वर्षांचा इन्शुरन्स ४ लाख, सर्व्हिस आणि टायर मिळून सव्वासहा लाख. वर्षाला १० हजार किलोमीटर, लिटरला १२ चं अॅव्हरेज आणि ९० रुपये लिटर धरलं तर पाच वर्षांचं डिझेल पावणेचार लाख.

सगळं मिळून सव्वाएकाहत्तर लाख, ५० हजार किलोमीटरला. किलोमीटरमागे १४२ रुपये! आणि त्यात डिझेल किती, तर साडेसात रुपये. आपण शोरूममध्ये जाऊन विचारतो काय, "अॅव्हरेज किती देते?" महिन्याला पडतात १ लाख १९ हजार. आणि ते २२ लाख ७ टक्क्याच्या एफडीत पडून असते तर पाच वर्षांत पावणेनऊ लाखाच्या आसपास व्याज झालं असतं, ते मी अजून धरलेलंच नाही.

घसाऱ्याचा अंदाज कुठून घ्यायचा हा प्रश्न येतो, तर सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे इन्शुरन्सचा आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्स कंपनी तुमच्या गाडीची जी किंमत धरते ती. नव्या किमतीतून किती कापायचं याचं ठरलेलं कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, त्यापुढे तुम्ही आणि इन्शुरन्स कंपनी मिळून ठरवायचं. हे साध्या गाडीलाही तेच आणि लक्झरीलाही तेच, आणि गंमत तिथेच आहे, कारण बाजार असं वागत नाही. गावागावात मेकॅनिक असलेली साधी गाडी बऱ्याचदा आयडीव्हीच्या वर विकली जाते आणि लक्झरी खाली. का, तर घेणारे कमी, वॉरंटी संपल्यावर बिलाची भीती, फेसलिफ्ट (त्याच मॉडेलचं नवं रूप) आलं की जुनी स्क्रीन एकदम म्हातारी दिसते, आणि वर्षअखेरीला शोरूमच नव्या गाडीवर मोठा डिस्काउंट देतो मग जुनीला कोण भाव देणार. सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला सर्व्हिससाठी पुण्यापर्यंत यायचं म्हटलं की तो तिथेच दोन लाख कमी करून बोलतो, आणि त्याचं चूक नाही. सरकारी निर्णयानेही घसारा होतो बरं का. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, त्याआधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा. नवी स्वस्त झाली, पार्किंगमध्ये उभी असलेली जुनी त्याच दिवशी स्वस्त झाली, एक किलोमीटर न चालवता.

तर खरा भाव काढायचा असेल तर तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन अशा दहा-बारा जाहिराती बघा, मागितलेल्या किमतीतून बोलणीचे म्हणून काहीतरी कापा, मग तुम्ही जितकी वर्षं ठेवणार तितकी जुनी असलेली गाडी आज कितीला जातेय ते बघा. दोघांतला फरक म्हणजे तुमचा घसारा. कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

धंदेवाले लोक इथे म्हणतात आम्हाला घसारा इन्कम टॅक्समध्ये मिळतो. मिळतो ना, १५ टक्के, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पण समजून घ्या, ६० लाखावर पहिल्या वर्षी ९ लाख घसारा म्हणजे ९ लाख वाचले असं नाही, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचतात २ लाख ७० हजार, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मे, आणि घरच्या वापराचा भाग सीए बाजूला काढणार तो वेगळाच.

आता माझी गोष्ट. आठ वर्षं जुनी डिझेल सेदान, साडेचौदा लाखाला घेतली, कोणाकडून ते जाऊ दे. एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, रस्त्यावर अक्षरशः पाण्यावरून जाते. चौथ्या महिन्यात सकाळी सोसायटीचा वॉचमन वर आला, "साहेब, तुमची गाडी बसलीय." मला वाटलं बॅटरी. खाली जाऊन बघतो तर पुढचा डावा कोपरा म्हैस बसावी तसा टेकलेला, टायर मडगार्डमध्ये अर्धा गेलेला. त्या कोपऱ्याची सस्पेन्शनची हवेची पिशवी रात्रभर गळत होती, स्टार्ट केली की कंप्रेसर हवा भरायचा आणि मला कधी कळलंच नाही, आणि तो बिचारा सतत चालून चालून शेवटी तोही जळला. एक कोपरा आणि कंप्रेसर, मग सहा महिन्यांनी दुसरा कोपरा. मेकॅनिक हसून म्हणाला, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. अडीच वर्षांनी ९ लाखाला विकली. घसारा साडेपाच, रिपेअर ६ लाख १०, इन्शुरन्स १ लाख ३०, डिझेल दीड. बेरीज १४ लाख ४० हजार, जवळपास गाडीच्याच किमतीएवढी, १८ हजार किलोमीटरसाठी. किलोमीटरला ८० रुपये पडले, रोख घेतली होती म्हणून व्याज तरी नाही.

म्हणून सेकंडहँड घेताना नेहमीचा घोळ घालू नका, या गोष्टी करा. गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की रात्रभर उभी ठेवा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. खिशात टेप न्या, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, डावं-उजवं सारखं यायला हवं. बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजून जा कोणीतरी तुमच्या आधी येऊन गाडी "उठवून" ठेवलीय. हे मी केलं असतं तर वर लिहिलेले निम्मे पैसे वाचले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही चांगली दिसो, चारही टायर बदलायचे पैसे धरा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) असतात, ते साध्यापेक्षा महाग. बाहेरचा मेकॅनिक नेऊन स्कॅनर लावा, आणि एरर कोड नुकतेच पुसलेत का ते त्याला खास बघायला सांगा. मीटरवर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली हिस्ट्री मागा, मीटर मागे घेतलं असेल तर तिथे पकडलं जातं. डिझेल असेल आणि मालक फक्त घर-ऑफिस चालवत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबलेला असू शकतो, तो साफ व्हायला हायवेवरचं लांब ड्रायव्हिंग लागतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इतक्या स्वस्त का दिसतात? तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, नंतर त्यात कोर्टात मागेपुढे होत राहिलं पण भाव पडायचा तो पडला. इकडे आणायची तर एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स परत भरावा लागतो. तो टॅक्स तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, गाडीची मूळ किंमत आणि वय धरून निघतो, त्यामुळे स्वस्तातली गाडी तितकी स्वस्त राहत नाही. आरटीओत आकडा काढून मगच टोकन द्या.

इन्शुरन्समध्ये झीरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा न कापणारी जोड) घ्याच, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या पार्टवर क्लेममध्ये थेट ५० टक्के कापतात, आणि या गाड्यांचा बंपर म्हणजे अर्धं प्लास्टिक अर्धे सेन्सर. पण गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या झीरो डेप द्यायला नाही म्हणतात, म्हणून गाडीचा भाव ठरवण्याआधी त्या नंबरवर कोटेशन काढून बघा. शिवाय गाडीच्या किमतीच्या पाव रक्कम बाजूला वेगळ्या खात्यात ठेवा, फक्त रिपेअरसाठी. ती नसेल तर गाडी तुम्हाला परवडत नाही, हप्ता कितीही बसत असो.

विकायची कधी? वॉरंटी, मग ती एक्स्टेंडेड का असेना, संपायच्या आधी. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम झालं असं समजू नका, आरसीवर नाव बदललंय का ते परिवहनच्या साइटवर स्वतः तपासा. मी नाही तपासलं. चार महिन्यांनी माझ्या मोबाइलवर ओव्हरस्पीडचं चलन आलं, एक्सप्रेसवेचं, फोटोसकट. गाडी मस्त दिसत होती, चारही कोपरे एका लेव्हलला.