ट्रम्पेट निवडताना आणि सांभाळताना या चुका टाळा

श्रावण लागला की कोल्हापुरातल्या बँड पथकांची वाद्ये पेट्यांतून बाहेर निघतात आणि त्यांतली बरीचशी मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत येऊन पडतात. गेली 22 वर्षे मी ट्रम्पेट वाजवतो आहे आणि त्यांतली शेवटची 15 वर्षे ते दुरुस्तही करतो आहे. दर वर्षी तेच नुकसान पाहून आता हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. बहुतेक चुकांच्या मुळाशी एक गैरसमज असतो, तो म्हणजे ट्रम्पेटचा आवाज हा पितळेचा आवाज आहे. अंबाबाईच्या देवळातली घंटा वाजते तेव्हा तिचा धातूच थरथरत असतो. ट्रम्पेटमध्ये थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ, आणि त्यांच्यामुळे नळीत कोंडलेली हवा. आपण सगळे वाजवतो त्या बी फ्लॅट, म्हणजे काळी पाचच्या ट्रम्पेटमध्ये ही नळी सुमारे 1.48 मीटर लांब असते, आणि तिच्या आतल्या पोकळीचा आकार हाच आवाजाचा खरा धनी आहे.

रंग पाहून वाद्य घेणे

नवा मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. सोनेरी घेऊ की चांदीचा मुलामा असलेले घेऊ? साध्या पिवळ्या पितळेत साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते, सोनेरी पितळेत तांबे 85 टक्क्यांच्या आसपास जाते आणि तांबूस पितळेत 90 टक्क्यांपर्यंत. तांबे वाढले की आवाज किंचित गोल वाटतो असे अनेक जाणते वादक सांगतात, आणि मी त्यांना खोटे पाडत नाही. भोंग्याचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, तो वाजवताना थरथरतो आणि त्याचा परिणाम मोजताही येतो. मात्र नळीच्या आतल्या आकारात थोडासा बदल केला तर आवाजात जे घडते, त्यापुढे हा परिणाम फार लहान आहे.

आकाराचे महत्त्व एका उदाहरणाने समजते. सरळ नळीच्या एका टोकाला ओठ लावून फुंकले तर तिच्यात 1, 3, 5 अशा विषम पटींतलेच सूर बसतात. माउथपीसचा, म्हणजे ओठ लावायच्या तोंडाचा, कप, त्याला जोडलेली हळूहळू रुंदावत जाणारी पहिली नळी म्हणजे लीडपाईप, आणि उमलत जाणारा भोंगा हे तिन्ही मिळून ते सूर आपापल्या जागी सरकवतात, म्हणून एकही पिस्टन, म्हणजे हवेला जादा नळीतून वळवणारी कळ, न दाबता आपल्याला सा, प, सा, ग, प, सा अशी शिडी मिळते. खालच्या सुरांना भोंगा बऱ्याच अंशी आत परत पाठवतो आणि त्यामुळे सूर नळीत टिकतो. वरचे, चमकदार सूर मात्र तो सहज बाहेर सोडतो. भोंगा किती लवकर आणि किती झपाट्याने उघडतो यावर वाद्य झळाळते वाजणार की भरीव, हे ठरते. वाद्य मेरठचे असो की जपानचे, पाहायचे ते हे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पाठ करून उभे करतो आणि एकाच माउथपीसने, एकाच मापाची पण वेगळ्या मुलाम्याची दोन ट्रम्पेट वाजवून दाखवतो. कोणते कोणते हे ओळखताना जवळजवळ सगळे चुकतात. मग एकाच ट्रम्पेटवर दोन वेगळे माउथपीस लावून वाजवतो, तेव्हा पहिल्याच सुराला ते बरोबर सांगतात. हुपरीच्या चांदीची आपल्या भागाला सवय आहे, त्यामुळे चांदीच्या मुलाम्याचे आकर्षण मी समजू शकतो, आणि ज्याच्या घामाने लाखेचा थर लवकर उडतो त्याने तो जरूर घ्यावा. आवाजासाठी म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

नळीचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोठा असला की आवाज मोठा होतो हाही असाच समज आहे. प्रचलित मधला व्यास 11.65 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याहून मोठ्या नळीला दम जास्त लागतो, आणि सहा महिन्यांच्या वादकाचा सूर तिच्यात दोन तासांच्या मिरवणुकीत गळून पडतो.

पिस्टन चकचकीत करून घेणे

ही चूक माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागते. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दहा दिवस आधी शिवाजी पेठेतला एक मुलगा काकांचे जुने ट्रम्पेट घेऊन आला. वाद्य मी ओळखत होतो. त्याच्या काकांनी ते वीस वर्षे वाजवले होते आणि त्याच्या वरच्या सुरांना मी स्वतः अनेकदा दाद दिली होती. मुलगा म्हणाला, "सर, मागच्या महिन्यापर्यंत झकास वाजत होतं. आता वरचा प लागतच नाही, नुसती हवा जाते." वाद्य आरशासारखे चमकत होते. मी पिस्टन बाहेर काढले, तर तेही तसेच चमकत होते. भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका दुकानात त्याने ते अख्खे वाद्य सुटे करून दिले होते आणि त्यांनी नळ्या, टोप्या, पिस्टन सगळे बफच्या चाकावर धरून त्याच्या हाती परत दिले होते.

हे का घातक आहे ते नीट समजून घ्यावे. आज आपण वापरतो तो पिस्टन पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी 1839 मध्ये सिद्ध केलेल्या रचनेचा आहे. पिस्टन आणि त्याच्या घराची भिंत यांच्यातले अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी ठेवलेले असते, आणि तेलाचा पातळ पापुद्रा ते अंतर बुजवून हवा अडवतो. पिस्टनसाठी निकेल आणि तांब्याचा मोनेल हा मिश्रधातू, पोलाद किंवा निकेलचा मुलामा वापरतात तो झिजेला टिकावा म्हणून. धातूच्या निवडीला खरोखर महत्त्व आहे ते इथे, आणि त्याच जागी त्या मुलाने बफचे चाक लावू दिले होते. चाकाने पिस्टन सगळीकडून सारखा झिजत नाही. कडा आधी खाल्ल्या जातात, पिस्टन अंडाकृती होतो, आणि मग प्रत्येक सुराला थोडी थोडी हवा आडवाटेने निसटते. खालचे सूर त्यातूनही कसेबसे निभावतात, कारण तिथे सूर एकमेकांपासून दूर असतात. वर गेल्यावर ते जवळजवळ येतात, आणि गळक्या वाद्यात ओठांना आपली पायरी सापडत नाही. मुलाला वाटत होते की त्याचा दम कमी पडतो आहे.

अशा पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून तो घराच्या मापाने घासून बसवावा लागतो. ते काम कोल्हापुरात मी करू शकत नाही, बाहेर पाठवावे लागते, आणि त्याचा खर्च त्या वाद्याच्या किमतीच्या जवळपास जात होता. त्या वर्षी त्या मुलाने महाद्वार रोडची मिरवणूक माझ्या जुन्या ट्रम्पेटवर वाजवली. काकांचे वाद्य आजही त्याच्या घरी काचेच्या कपाटात आहे, आणि दिसायला ते अजूनही सुंदर आहे.

वाद्य गळते की नाही हे पाहण्याची माझी रीत सोपी आहे. पिस्टन न दाबता पहिल्या पिस्टनची स्लाईड, म्हणजे त्याची सरकणारी जादा नळी, दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर ओढावी, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पिस्टन दाबावा. बाटलीचे बूच उडाल्यासारखा स्वच्छ आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आवाज आलाच नाही तर बाहेरची हवा आधीच कुठून तरी आत भरून आली, असे समजावे. मात्र निदानाआधी स्लाईडला ग्रीस नीट आहे ना, ते पाहावे. जुने वाद्य विकत घेताना मी सूर लावण्याच्या आधी हे करतो, मग विकणारा कितीही घाई करो.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, अगदी सौम्य साबण आणि नळीत फिरणारा लवचीक ब्रश एवढे पुरते. चिंच, लिंबू, राख आणि भांड्यांची पावडर स्वयंपाकघरातच राहू द्यावी. पिस्टनला वॉल्व्ह ऑइलच घालावे. खोबरेल तेल थंडीत थिजते आणि शिलाई मशीनच्या तेलाने पिस्टन जड होतो.

वरच्या सुरासाठी माउथपीस बदलत राहणे

बाहेरच्या वादकाला तार सप्तकात वाजवताना ऐकले की दुसऱ्या दिवशी चार मुले त्याच्या माउथपीसचा नंबर विचारत येतात. उथळ कपाने आवाज उजळ होतो आणि वरचे सूर किंचित सोपे जातात, हे खरे आहे. पण तयारी नसलेला ओठ उथळ कपात तळाला टेकतो, सूर चिरका होतो आणि मधल्या सप्तकातला गोडवा निघून जातो. वरचा सूर श्वासाच्या आधाराने आणि ओठांच्या स्नायूंनी येतो, आणि त्याला दोन वर्षे लागतात. मला हे सांगताना संकोच वाटत नाही की सहा महिन्यांत तीन माउथपीस बदलणारा मुलगा दोन वर्षांनीही तिथेच असतो.

सुरुवातीला मी 7सी या नंबरचाच माउथपीस देतो. त्याच्या कपाचा व्यास सुमारे 16.2 मिलिमीटर असतो, खोली मध्यम असते, आणि मी तो वर्षभर बदलू देत नाही. कपाच्या तळाचे भोक साधारण 3.66 मिलिमीटरचे असते. "आवाज मोकळा होईल" म्हणून एकाने ते ड्रिलने मोठे करून आणले होते. त्यानंतर त्याच्या वाद्याचे खालचे आणि वरचे सूर एकमेकांशी जुळेनासे झाले, आणि कापलेला धातू परत आणता येत नाही.

माउथपीस ढिला बसतो म्हणून त्याच्या दांड्याला कागद किंवा दोरा गुंडाळण्याची सवय आपल्याकडे फार आहे. दांड्याचे टोक आणि लीडपाईपची सुरुवात यांच्यात साधारण 3 मिलिमीटरची फट ठेवलेली असते. कागदाने ती वाढते आणि सुरांचा ठाव बिघडतो. आणि अडकलेला माउथपीस पकडीने कधीही पिळू नये, त्यासाठी ओढून काढायचे साधन मिळते. पकडीने पिळून मोडलेले लीडपाईप मी दर हंगामात किमान दोन तरी पाहतो.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबला की सूर चढा लागतो, कारण जोडलेल्या दोन नळ्यांची एकूण लांबी लागते त्यापेक्षा कमी भरते. ती तिसऱ्या स्लाईडने भरून काढावी, ओठ ढिले करून नव्हे.

थंडीत रंकाळ्यावर पहाटे उतरलेला सूर दुपारच्या उन्हात चढतो. वाद्यातली हवा 10 अंशांनी तापली तर फरक अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश पडतो. हार्मोनियमशी जुळवण्याआधी पाच मिनिटे वाजवून वाद्य तापवावे.

पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. ते अदलाबदल झाले की वाद्य वाजतच नाही, आणि घाबरून लोक दुरुस्तीला आणतात.

भोंग्याच्या कडेचा पोचा डोळ्यांना खुपतो, पण आवाजाला फारसा बाधत नाही. लीडपाईपचा वाटाण्याएवढा पोचा मात्र दोन-तीन सूर हमखास बिघडवतो. पोचा काढायला वाद्य गॅसच्या ज्योतीवर धरू नये. पितळ मऊ पडते आणि सांध्यांचे डाग (सोल्डर) उकलतात.

लीडपाईपवर गुलाबी ठिपके दिसू लागले तर लाळेच्या ओलाव्याने पितळेतले जस्त निघून चालले आहे, असे समजावे. वाजवून झाल्यावर पाणी काढून टाकले आणि नळी कोरडी केली तर हे दिवस लांबतात.

गुलाल

शेवटची चूक आपल्या भागाची आहे. जोतिबाची चैत्र यात्रा असो की विसर्जनाची मिरवणूक, गुलाल भोंग्यातून, स्लाईडच्या सांध्यांतून आणि टोप्यांखालून आत शिरतो, तेलात मिसळून त्याची गुलाबी लापशी होते आणि पिस्टनवर बारीक रेघा पडतात. मुले रात्री थकून वाद्य पेटीत टाकतात, आणि आठ दिवसांनी पिस्टन अडकल्यावर वरून आणखी तेल ओततात. तसे करू नये. मी यात्रेहून आलो की हातपाय धुण्याआधी तिन्ही पिस्टन काढतो, स्वच्छ सुती कापडावर क्रमाने ठेवतो, घरांमधून ओले कापड आणि मग कोरडे कापड फिरवतो, खालच्या टोप्या उघडून त्यांत साचलेला गुलाल झटकतो आणि नवे तेल घालूनच पेटी बंद करतो. याला वीस मिनिटे लागतात.