गाडीच्या काचेतून पावसाचे फोटो कसे काढायचे
सगळ्यात आधी एक गोष्ट, गाडी चालवताना फोटो अजिबात काढायचा नाही, गाडी रस्त्याच्या बाजूला नीट लावा नाहीतर शेजारी बसलेल्याला काढू द्या. आता काच. बाहेरून ओली असणारच, पण आतून स्वच्छ पुसून घ्या कारण बोटांचे डाग लाईट पडला की लगेच दिसतात, आणि डॅशबोर्डवर काळं कापड टाका म्हणजे त्याचं रिफ्लेक्शन काचेत येत नाही, आतला दिवा पण बंद.

खरी मजा फोकसमध्ये आहे. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो कधी थेंब पकडतो कधी मागचा रस्ता, म्हणून मॅन्युअल करा. थेंबांवर फोकस आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, मोठं, एफ २.८ च्या आसपास, की मागचे सिग्नल आणि गाड्यांचे दिवे गोल गोल रंगीत ठिपके होतात. मोबाईल असेल तर थेंबावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग ब्राइटनेस थोडा खाली ओढा. एखादा थेंब अगदी जवळून बघा, आख्खा रस्ता त्यात उलटा दिसतो, मला तर हाच फोटो सगळ्यात आवडतो!

वायपर बंद ठेवा, थेंब जरा साठू द्या, फार झाले की एकदाच फिरवा आणि परत थांबा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पण आकाशात थोडा निळा उजेड असताना काढा, ती पंधरा-वीस मिनिटं सोडू नका. काच आतून धुरकट झाली तर थोडा वेळ एसी लावा.