जुन्या घराचं वायरिंग सुधारताना सॉकेट सगळ्यात शेवटी

घराला रंग काढायला घेतला की मॉड्युलर प्लेटा बसवायची हौस येतेच. भिंतीच्या आत मात्र तीस वर्षांपूर्वीची वायर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि अर्थिंगच्या नावानं बोंब. म्हणून आधी अर्थिंग, मग डीबी (घरभर वीज वाटणारी, खटक्यांची पेटी) आणि सॉकेट शेवटी, असा क्रम ठेवा. काम परवानाधारक वायरमनच करील. पण काय मागायचं आणि काय बघून घ्यायचं, हे आपल्याला ठाऊक हवं.

थ्री-पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. वरच्या मोठ्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटच्या मागेच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवरून, अर्थला मारलेला तुकडा. टेस्ट लॅम्प लावला की दिवा झकास पेटतो, सगळे खूश. उद्या तोच न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येऊ शकतात. मेन बंद करून दोन-तीन सॉकेट उघडायला लावा. हिरवी वायर थेट डीबीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत गेलेली पाहिजे.

आता डीबी. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, वायर वाचवतो, माणसाला नाही. तांब्याच्या 1.5 चौरस मिमी वायरला 6 किंवा 10 अँपियरचा, 2.5 ला 16 चा, असं साधारण गणित. सारखा पडतो म्हणून 16 काढून 32 चा लावणारे महाभाग असतात. मग एमसीबी पडायच्या आधी वायर जळते.

माणसासाठी आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका, 30 मिलिअँपियरचा. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो ताडून बघतो आणि फरक पडला की क्षणात वीज तोडतो. ओव्हरलोडशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे दोन्ही लागतात.

खरी कटकट इथेच सुरू होते. नवा आरसीसीबी चढवला की पडतो. वायरमन म्हणतो, 'पीस खराब आहे, डायरेक्ट करून देतो.' म्हणजे आरसीसीबी वगळूनच वायर जोडणार. करू देऊ नका. बहुतेक वेळा दोष घरातच असतो: गिझरचं एलिमेंट लीक, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला, नाहीतर इन्व्हर्टरचा न्यूट्रल भलत्याच सर्किटमध्ये मिसळलेला. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, मग एकेक वर करत जा. ज्याला पडेल ते सर्किट धरा. सगळे खाली असतानाही पडत असेल, तर संशय न्यूट्रलवर. कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

सॉकेटचं फार सांगण्यासारखं नाही. आयएसआय मार्क आणि मुलांच्या बोटांसाठी आत शटर असलेलं घ्या. 6 अँपियरच्या सॉकेटवर जेमतेम 1380 वॅट चालतात. 2000 वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी कन्व्हर्जन प्लग लावून तिथे घुसवू नका. 16 अँपियरचा पॉइंट आणि त्यासाठी डीबीपासून वेगळी वायर ओढून घ्या. जुनी ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांब्याचा जोड देत बसण्यापेक्षा ती बदललेली बरी, जोड सैल पडून तापतात.

मीटरचं सील मात्र वायरमनलाही तोडू देऊ नका. भार वाढणार असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करा. आणि हिशेब चुकता करण्याआधी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण स्वतः दाबून बघा. खटका पडला नाही, तर पैसे थांबवा.