सार्वजनिक निधीतून संयुक्त संशोधन : प्रस्ताव कसा लिहावा

नाशिकच्या महाविद्यालयीन गटाने अवकाश वाहतूक आणि चेहरा ओळख हे दोन विषय एकाच प्रस्तावात कोंबू नयेत. उपग्रहांच्या टकरी टाळण्याचा विषय संस्थाप्रमुखांमार्फत शिक्षणसंस्थांतील अवकाश संशोधनाला निधी देणाऱ्या इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेकडे पाठवावा. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळून हजारो तुकडे कक्षेत पसरले, एवढा दाखला निकड पटवण्यास पुरेसा आहे.

चेहरा ओळखीच्या प्रस्तावाला मात्र अधिक वेळ द्यावा. रामकुंडावर मुंडन करून, ओल्या अंगाने, कपाळभर गंध लावून पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखपत्रावरील जुन्या छायाचित्राशी जुळेलच असे नाही. म्हणून चुकीच्या ओळखीचे प्रमाण वय, लिंग आणि प्रकाश यांनुसार वेगवेगळे मोजण्याची पद्धत प्रस्तावातच मांडावी. गर्दीचे चित्रण परस्पर वापरू नये. स्वयंसेवकांची मराठीत लेखी संमती घ्यावी, ती मागे घेण्याची सोय ठेवावी आणि छायाचित्रे कधी नष्ट केली जातील तेही लिहावे. माझ्या मते हा भाग अंदाजपत्रकाच्याही आधी लिहायला हवा. छायाचित्रे कोणत्या संस्थेच्या ताब्यात राहतील, याचा मसुदा सहभागी संस्थांच्या करारावर सह्या होण्यापूर्वी नीतिसमितीपुढे ठेवावा.