सर्फिंगची फिल्म: सर्फर दिसतो, पण लाट कळते का?

सर्फिंगच्या बऱ्याच फिल्म एकाच जागी फसतात. सर्फर फ्रेमभर दिसतो, तुषार उडतात, संगीत दणदणतं, पण लाट कुठून कुठे फुटतेय ते शेवटपर्यंत कळत नाही. सर्फर कधी वळणार, कधी वेग आवरून बॅरलमध्ये, म्हणजे कोसळत्या लाटेच्या आतल्या पोकळ बोगद्यात शिरणार, हे लाटेची पुढची कड कशी कोसळते त्यावर ठरतं. ती कडच फ्रेमबाहेर राहिली तर उत्तम सर्फिंगही नुसती कसरत वाटते. म्हणून झूम करायचा मोह आवरा. सर्फर फ्रेमच्या मागच्या एक तृतीयांशात आणि न फुटलेली लाट पुढच्या दोन तृतीयांशात, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

किनाऱ्यावरून ४०० ते ६०० मिमीची लेन्स आणि फ्लुइड हेडचा (कॅमेरा न अडखळता फिरवू देणाऱ्या डोक्याचा) दणकट ट्रायपॉड लागतो. ट्रायपॉड ठेवता येईल तेवढा बुटका ठेवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका. वाऱ्यात फडफडणारा पट्टा ६०० मिमीवर भूकंपासारखा दिसतो. सकाळ सोडू नका. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत गुळगुळीत उभी राहते. दुपारी तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, लांबचं दृश्य पाण्यात भिजल्यासारखं मऊ होतं. हा दोष लेन्सचा नसतो आणि फोकस कितीही फिरवला तरी जात नाही. पाण्याच्या अगदी जवळ जा किंवा उंच जागा गाठा.

एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवा. ऑटोवर ठेवलं तर फ्रेममध्ये फेस भरला की कॅमेरा सगळं काळवंडतो आणि फेस ओसरला की पुन्हा उजळतो. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) ९५ टक्क्यांवर लावून फेसाचा पांढरा भाग जळू देऊ नका. सावलीतला काळपटपणा नंतर उचलता येतो, जळलेला फेस परत येत नाही. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १/५० ठेवायचं असेल तर भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ ५.६ छिद्राला ४ ते ५ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच लागते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

सर्फर हातांनी पाणी मारायला लागला की लगेच रेकॉर्डिंग सुरू करा आणि तो लाटेतून बाहेर पडल्यावरही ३-४ सेकंद थांबा. एडिटिंगमध्ये लाटेत शिरणं आणि बाहेर पडणं हेच सर्वांत जास्त कमी पडतं. लाटांच्या दोन सेटमध्ये (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांमध्ये) शांतता असते, तेव्हा कोणी न पकडलेल्या लाटाही टिपून ठेवा. जागेची ओळख त्यांच्यावरच करून देता येते.

पाण्यातलं चित्रण वेगळंच प्रकरण आहे. हाउसिंगमध्ये (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीत) पाणी शिरतं ते बहुधा ओ-रिंगवरच्या, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावरच्या एका केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे. रिंग काढा, बोटावरून हळू फिरवत पाहा, खाच पुसा, सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चकाकेल इतकाच थर द्या. जास्त ग्रीस लावली तर तीच वाळू धरून ठेवते. मग कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून हाउसिंग बादलीत १० मिनिटं दाबून धरा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून हाउसिंग कोरड्या, थंड खोलीत बंद करा आणि सिलिका जेलची पुडी टाका.

डोमवरचे (लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेवरचे) थेंब घालवायला आजही थुंकीच चालते. ऐकायला किळसवाणं असलं तरी जीभ लावून चाटतात, मग पाण्यात बुडवतात. लाट येण्याच्या क्षणी डोम पुन्हा बुडवून वर काढला की पाण्याचा पातळ, सपाट पडदा काही सेकंद टिकतो. सनस्क्रीन लावलेलं बोट एकदा डोमला लागलं की त्या दिवशी स्वच्छ फ्रेम मिळणं अवघड. फोकस आधीच १ ते १.५ मीटरवर बांधून ठेवा, छिद्र एफ ८; ऑटोफोकस समोरच्या तुषारांमागे धावतो. पाण्याखालच्या शॉटसाठी मात्र फोकस वेगळा लावावा लागतो, कारण तिथे डोममधून प्रतिमा प्रत्यक्षाहून बरीच जवळ बनते. पायात फिन्स (पोहायचे रबरी पंखे), डोक्यावर हेल्मेट हवंच. तुमच्या कोणत्या बाजूने जायचं ते सर्फरशी आधी ठरवा. शॉट घेऊन लाटेखालून डुबकी मारताना हाउसिंग तोंडासमोर धरू नका. ते उलटं येऊन दात पाडतं.

स्लो मोशनचा अतिरेक सगळीकडे दिसतो. १२० फ्रेमला घेतलेली ३ सेकंदांची बॅरल २४ वर टाकली की १५ सेकंदांची होते. अशा सलग पाच बॅरल झाल्या की सर्फिंगचा वेगच हरवतो. आधी लाट खऱ्या वेगाने अख्खी दाखवा, मग त्यातला एखादाच क्षण सावकाश. सर्फर आणि चित्रपटकार जॉर्ज ग्रीनो यांनी पाठीवर वॉटरप्रूफ कॅमेरा बांधून बॅरलच्या आतून मागे पाहत घेतलेली दृश्यं संथ असूनही पकडून ठेवतात. कारण तिथे घटनाच लाटेच्या आत घडत असते.

कापताना दिशा सांभाळा. सर्फरच्या दृष्टीने उजवीकडे फुटणारी लाट किनाऱ्यावरून पाहताना डावीकडे जाते. पाण्यातून, किनाऱ्याकडे तोंड करून घेतलेल्या शॉटमध्ये तोच सर्फर उजवीकडे जाताना दिसतो. हे दोन तुकडे थेट जोडले तर तो अचानक उलटा फिरल्यासारखा वाटतो. मध्ये पाण्याचा किंवा चेहऱ्याचा एखादा शॉट टाका. भरती-ओहोटीही घात करते: सकाळची आणि दुपारची लाट एकच म्हणून खपवायला गेलात तर पाण्याचा रंग आणि मागचे उघडे पडलेले खडक चुगली करतात.

आवाज वेगळा टिपा. लेन्सपासून लाट ३४० मीटरवर असेल तर तिचा धबधबा चित्रानंतर सुमारे १ सेकंदाने पोचतो. टाइमलाइनवर तो तेवढा आधी आणा, नाहीतर कड कोसळल्यावर क्षणभर मुकी राहते. फळीची चपराक, हातांचं पाणी मारणं हे किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मायक धरून मिळतं. त्याला केसाळ कव्हर घाला, नाहीतर फायलीत फक्त वारा सापडेल.